जबरदस्तीचे घास

लहानपणी मी जेवढा मार खाल्ला, त्यातला बहुतेक जेवतानाच खाल्ला.

आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून ऑफिसबरोबर भोपाळला आले होते आणि बाबाही पुढे सरकारी खात्यातच क्लार्क झाले. ऑफिसातून त्यांनी कधीतरी एक लाकडी फूटपट्टी घरी आणली होती, एका कडेला पितळी पत्ती बसवलेली. जेवताना ती त्यांच्या उजव्या मांडीशी असायची. ताटात काही उरलं की पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची, तीही उभ्या कडेने. मोठा भाऊ न चावता पटापट गिळायचा आणि सुटायचा. मला ते जमायचं नाही.

मी आठ वर्षांचा असेन. कारल्याची भाजी होती. तिसऱ्या घासाला मी ताटातच ओकलो. बाबांनी माझी मान मागून धरली, तोंड ताटावर दाबलं आणि शांतपणे म्हणाले, "आता हेच खायचं."

मी ते खाल्लं. आई स्वयंपाकघरात होती. तिने नळ सोडला. पाणी मोठ्याने पडत होतं म्हणून तिला काही ऐकू आलं नसेल, असं मी नंतर बरीच वर्षं धरून चाललो.

ही आठवण आधी लिहिली म्हणजे पुढच्याची सबब झाली असं कुणी समजू नये. बाबांनी केलं ते बाबांनी केलं. पुढे मी केलं ते मी केलं.

मी इथल्या एका मोठ्या कारखान्यात लेथ मशीनवर आहे. बरखेड्यात कंपनीचं क्वार्टर आहे. बायको एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. मुलगी तेव्हा पाचवीत होती. शाळा दीडला सुटायची, दोनला ती कुलूप उघडून घरात यायची, मी साडेपाचला यायचो आणि बायको सातच्या पुढे. बायको सकाळी पोळीभाजी करून झाकून ठेवायची. संध्याकाळी भांडं रिकामं असायचं, म्हणून आम्ही खूश होतो. पोळ्या फाटकाशी येणाऱ्या गाईला जात होत्या आणि मुलगी पाकिटातल्या नूडल्स उकळून खात होती, हे आम्हाला दीड वर्षाने कळलं. नूडल्स, चिप्स, कोल्ड्रिंक, आणि ट्यूशनला जाताना कोपऱ्यावरचे मोमो. घरात येणारी पाकिटं मीच आणत होतो. पोर एकटी असते, तेवढंच तिला काहीतरी, असं मला वाटायचं.

मग ती सारखी दमायला लागली. जिना चढताना थांबायची. बायकोने स्वतःच तिचं रक्त काढलं आणि स्वतःच रिपोर्ट घेऊन घरी आली. रक्त कमी, साखर सीमेवर. सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी. दहा वर्षांच्या मुलीच्या लिव्हरवर चरबी, हे ऐकून मला पहिल्यांदा लाज वाटली आणि लगेच राग आला. माझ्यात त्या दोन गोष्टींमध्ये फार अंतर नाही.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, एकदम सगळं बंद करू नका. बाहेरचं हळूहळू कमी करा, घरचं तिला आवडेल असं वाढवा, तिला विचारत विचारत करा. बायको मान हलवत ऐकत होती. मी फक्त लिव्हर हा शब्द ऐकला.

घरी आलो आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखालच्या कपाटातली नूडल्सची पाकिटं जमिनीवर टाकली आणि टाचेखाली चुरडली. चिप्सची पाकिटं फाडून मोरीत ओतली. कोल्ड्रिंकची काचेची बाटली सिंकच्या कडेवर आपटली, ती फुटून मनगटाला लागली. मुलगी दारात दप्तर पाठीवर घेऊनच उभी होती.

"आजपासून या घरात हे दिसलं तर हात मोडून ठेवीन," मी म्हणालो.

तिने विचारलं, "किसका? मतलब, कोणाचा?"

तिला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुधी, दोडका, पालक, ज्वारीची भाकरी. मी तिच्यासमोर बसायचो आणि ताट रिकामं झाल्याशिवाय तिला उठू द्यायचो नाही. तिसऱ्या दिवशी पालकावर पहिली चापट बसली. तिने चार घास खाल्ले. मला वाटलं, हे चालतं. चालतं असं वाटणं फार वाईट. त्यानंतर मी विचार करायचं सोडूनच दिलं. कान पिळणं, पाठीत धपाटा, केस धरून मान वर करणं. पंधरा दिवसांत ते रोजचं झालं. साडेसातला जेवण आणि पावणेआठला रडणं. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू एकदा म्हणाल्या, "भैया, बिटिया बीमार है क्या?" मी म्हणालो, नखरे आहेत.

ती शिकली. घास गालात धरून ठेवायचा, पाणी प्यायचं नाटक करायचं आणि संडासात जाऊन थुंकायचं. पोळीची गुंडाळी करून फ्रॉकच्या खिशात. मार्चमध्ये कूलर धुवायला काढला, तर त्याच्यामागे वहीच्या कागदात बांधलेल्या पुड्या सापडल्या. वीसेक तरी होत्या. आत पोळ्या, भाकरी, काळी पडलेली भाजी, त्यावर बुरशी आणि मुंग्यांची रांग.

मी तिला हाक मारली. ती आली, पुड्या पाहिल्या आणि पळाली. मी तिला पलंगाखालून पाय धरून ओढून काढलं आणि पायातली चप्पल काढून मारलं. कुठे लागतंय हे मी पाहत नव्हतो. बायको मध्ये आली, तिला मी बाजूला ढकललं. ती फ्रिजवर आदळली आणि तिचं कोपर हँडलवर लागलं. आवाज मला ऐकू आला. तरी मी अजून दोन मारले.

नंतर बायको कोपराला बर्फ लावत स्वयंपाकघरात बसली होती. म्हणाली, "ती जेवणाला घाबरत नाहीये. तुम्हाला घाबरतेय. रोज साडेपाचला तिचं पोट दुखायला लागतं. तुमच्या स्कूटरचा आवाज आला की."

"लिव्हर गेलं की कळेल तुम्हा दोघींना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला फिरवली. दुसऱ्या दिवशी त्याच सुजलेल्या हाताने ती दिवसभर लोकांच्या शिरा शोधत होती.

एप्रिलमधली गोष्ट. कारखान्यातून सुटून मी मार्केटच्या बाजूने येत होतो. मोमोच्या गाडीशी माझी मुलगी उभी होती. ट्यूशनची पिशवी खांद्याला, हातात कागदी प्लेट, शेजारी एक मैत्रीण. ती हसत होती. तोंडाला लाल चटणी लागली होती. दोन महिन्यांत मी तिला खाताना हसलेलं पाहिलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही.

मी स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली. ती रस्त्यावर पडली. गाडीवरचं मोमो उकडायचं चार मजली भांडं दोन्ही हातांनी ढकललं. झाकणं, मोमो, चटणीची बरणी सगळं खाली. सगळ्यात खालच्या भांड्यातलं उकळतं पाणी गाडीवाल्याच्या पायावर पडलं. माझ्याहून वयाने मोठा माणूस, पायात रबरी चप्पल. तो ओरडून खाली बसला. मग उठला, लोखंडी चिमटा उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटला. मी प्लास्टिकचं स्टूल उचलून त्याच्या खांद्यावर मोडलं. त्यानंतर लोक आले. कुणी कॉलर धरली, कुणी पोटात बुक्की मारली, कुणी मागून लाथ. मी रस्त्यावर आडवा पडलो, तोंडात माती आणि रक्त, आणि समोर चटणीत पडलेला एक मोमो होता.

गाडीवालाच मध्ये पडला. पाय वर धरून, एका पायावर उभा राहून म्हणाला, "बस करो, बच्ची देख रही है." मग मला म्हणाला, "खाना ही तो खा रही थी भाई. ज़हर थोड़ी दिया था मैंने."

मी उठलो. मुलीचं मनगट धरलं आणि तिला घरी आणलं. मैत्रीण तिची खाली पडलेली पिशवी उचलून मागे उभी राहिली.

तिथेच थांबलो असतो तर. घरी येऊन तोंड धुतलं असतं, पडून राहिलो असतो. पण मला भर बाजारात मार पडला होता आणि तो कुणाला तरी द्यायचा होता. सकाळची दुधीची भाजी फ्रिजमध्ये होती. गरमही केली नाही. ताटात वाढली आणि तिला समोर बसवलं.

"खा."

"बाबा, पोट भरलंय."

"खा."

"सच्ची बाबा, उलटी होईल."

मी डाव्या हाताने तिचा जबडा धरला. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या. चमच्यात भाजी घेतली. तिने दात घट्ट मिटले होते. मी चमचा दाबला. स्टीलचा जाड चमचा होता. ती मान हलवत होती, मी जबडा आणखी आवळला आणि चमचा जोरात आत लोटला. कट्कन आवाज झाला. तोंड उघडलं. मला वाटलं, उघडलं एकदाचं. मी बोटाने भाजी आत कोंबली आणि त्याच वेळी तिने माझं बोट दातांत पकडलं. ती लहान मुलासारखं चावली नाही. जीव वाचवायला चावावं तशी चावली. मी ओरडलो, तिच्या डोक्यावर दुसऱ्या हाताने मारलं, तरी तिने सोडलं नाही. मी मारायचा थांबलो तेव्हा तिने सोडलं.

ताटात दुधी, रक्त आणि एका दाताचा अर्धा तुकडा होता. पुढचा वरचा दात. दुधाचा नव्हे, पक्का.

ती रडली नाही. उठून बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

बायको सातला आली तेव्हा मी फडक्यात बोट गुंडाळून जमिनीवर बसलो होतो. तिने ताट पाहिलं. माझा फाटलेला ओठ पाहिला, पण त्याबद्दल विचारलं नाही. बाथरूमच्या दाराशी जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. दहा मिनिटांनी कडी निघाली. मुलीच्या तोंडाला कापूस लावून तिने दाताचा तुकडा ताटातून उचलला, डबीत दूध घेऊन त्यात टाकला, दोघींचे दोन-दोन कपडे पिशवीत भरले. हे सगळं ती लॅबमध्ये काम करते तसं करत होती.

दारात ती म्हणाली, "मी आधी डेंटिस्टकडे जाते, मग मिसरोदला ताईकडे. पोलिसांत जायचं की नाही ते उद्या ठरवीन. तू आमच्या मागे यायचं नाहीस."

सोळा वर्षांच्या संसारात ती मला पहिल्यांदा अरे-तुरे बोलली.

दुसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं फुगलं. कंपनीच्या टाउनशिपमधल्या हॉस्पिटलमध्ये गेलो. ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, कुत्रा चावला. त्याने बोट दिव्याखाली उलटसुलट फिरवून पाहिलं.

"ये इंसान के दाँत हैं," तो म्हणाला. "छोटे बच्चे के."

त्याने टाके घातले, इंजेक्शन दिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडाभर घरात एकटा होतो. कामावर जायचो, यायचो. बायको फोन उचलायची, मुलगी बरी आहे एवढंच सांगून ठेवायची. रविवारी कुठेतरी जायचं म्हणून मी मोठ्या भावाकडे गेलो. बाबा त्याच्याकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. मी महिन्या-दोन महिन्यांतून जायचो, फळं ठेवायचो आणि निघायचो. जेवणाच्या वेळेला कधी गेलो नव्हतो.

त्या दिवशी दुपारचं जेवण चाललं होतं. बाबा खुर्चीत, गळ्याला टॉवेल बांधलेला. समोर दादा वाडगा घेऊन. बाबांनी तोंड फिरवलं. दादाने वाडगा खाली ठेवला, त्यांची हनुवटी धरून तोंड सरळ केलं आणि एक चापट मारली. फार जोरात नव्हती. रोजची असावी तशी होती. मग चमचा ओठांत घातला. खिचडी एका कोपऱ्यातून बाहेर आली. दादाने दुसरी चापट मारली.

"ए," मी म्हणालो आणि त्याचा हात धरला.

त्याने झटका देऊन हात सोडवला आणि मला भिंतीवर ढकललं. "तू कर मग. दोन वर्षं तिन्ही त्रिकाळ कर. न खाता मरू देऊ का?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते, बनियनवर खिचडीचे डाग होते. मला त्याला मारायचं होतं आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. मी वाडगा उचलला आणि बाबांसमोर बसलो. त्यांची फूटपट्टी, ते ताट, माझी मान, सगळं मला आठवत होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल दया आली असं मी लिहिणार नाही. एक क्षण वाटलं, भोगा. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी आठवड्यापूर्वी माझ्याच घरात पाहिली होती, आणि मला चमचा पुढे करवेना.

मी विचारलं, "बाबा, का नको?"

त्यांना बोलायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कडू."

मी बोटाने खिचडी चाखली. कडूजहर होती. दादा गोळ्या कुटून त्यात कालवत होता, गिळता येत नाहीत म्हणून. दोन वर्षांत त्याने ती कधी चाखली नव्हती. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि कुणी थांबून ऐकलं नसेल.

त्या दिवशी गोळ्यांची पूड चमचाभर मधात वेगळी दिली आणि साधी खिचडी वेगळी. अर्धा वाडगा गेला. दादा दाराशी उभा राहून पाहत होता. तो बाहेर गॅलरीत जाऊन रडला, ते मी पाहिलं. तेव्हापासून रविवारी दोन्ही वेळा मी जातो.

त्या पहिल्या रविवारी मी तिथूनच मिसरोदला गेलो. मेहुणीने दार अर्धं उघडलं आणि आत जाऊन बायकोला पाठवलं. ती जिन्यातच माझ्याशी बोलली. तिने एक कागद दाखवला. पोलिसांत द्यायची तक्रार, तिच्या अक्षरात, तारखा घालून. कूलरचा दिवस, तिच्या कोपराचा दिवस, दाताचा दिवस.

"अजून दिला नाही," ती म्हणाली. "पुन्हा एकदा हात उचललात तर देईन. मग मी विचार करणार नाही."

तिच्या अटी सरळ होत्या. टाउनशिपच्या दवाखान्यात गुरुवारी समुपदेशन करणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे जायचं. मुलीच्या जेवणाच्या वेळी तिच्यासमोर बसायचं नाही, ती बोलावेपर्यंत. आणि गाडीवाल्याची माफी मागायची. मी सगळ्याला हो म्हणालो. मुलगी बाहेर आली नाही.

गाडीवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या पायाला पट्टी होती, घोट्यापर्यंत. मी हात जोडले. तो म्हणाला, "मुझसे क्या माफ़ी. मेरा पाँव तो भर जाएगा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मुलगी तिसऱ्या खेपेला बाहेर आली. दाताचा तुकडा डेंटिस्टने चिकटवला होता, सांधा बारीक रेघेसारखा दिसत होता. ती जिन्यात माझ्यापासून चार पायऱ्या वर बसली. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, माफ केलं असं म्हणाली नाही. मग मी तेच विचारलं जे बाबांना विचारलं होतं. का नको असायचं.

तिला उत्तर द्यायला अजिबात वेळ लागला नाही. जणू ती वाटच पाहत होती. पालक दाताला खरखरीत लागतो आणि घशात चिकटतो. दुधी गिळगिळीत. दोडका चालतो, पण त्यात शेंगदाण्याचं कूट असेल तर. "आणि बाबा, साडेसातला मला भूकच नसते. भूक चार वाजता लागते. जोर से. तेव्हा घरात कोणीच नसतं आणि पोळी एकदम ठंडी असते."

तीन महिन्यांत, दोन डॉक्टर आणि एवढ्या मारानंतर, मला हे माहीत नव्हतं.

"मग काय करूया?" मी विचारलं.

"मोमो पूर्ण बंद नको," ती म्हणाली. "बुधवारी आणि शनिवारी. आणि कोल्ड्रिंक बर्थडेला."

"बुधवारी एक प्लेट, शनिवारी एक प्लेट," बायको मागून म्हणाली. "आणि चिप्सचं पाकीट घरात नाही. खायचं असेल त्या दिवशी छोटं आणायचं."

मुलीने विचार केला. "ठीक आहे," म्हणाली. ती बायकोकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही.

मे महिन्यात दोघी घरी आल्या. मी साहेबांना विनंती करून सकाळची शिफ्ट घेतली, सहा ते दोन. तीनपर्यंत घरी येतो. चार वाजता मी तिला गरम काहीतरी करून देतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. सुरुवातीला मला काही येत नव्हतं. थालीपीठ तव्याला चिकटायचं. बेसनाच्या धिरड्यात गाजर किसून घातलं तर ते मधोमध फाटायचं. नूडल्स तिला सोडायच्या नव्हत्या, मग त्यात मटार, कोबी, अंडं घालायला लागलो आणि पाकिटातला मसाला अर्धाच. तिने पहिल्या दिवशी मटार वेचून कडेला ठेवले. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. न बोलण्यासाठी मला दाताखाली जीभ धरावी लागली, खरोखर.

जूनमध्ये एकदा तिने चिप्स मागितले. शाळेत कुणीतरी तिला जाडी म्हटलं होतं, ते मला नंतर कळलं. मी म्हणालो, आज नाही, कालच झाले. तिने तव्यावरून नुकतंच उतरलेलं थालीपीठ ताटासकट माझ्यावर फेकलं. ताटाची कड भुवईवर लागली, रक्त डोळ्यात आलं. माझा हात वर गेला. तो हात मला दिसला, खांद्याच्या वर, पंजा उघडा. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं आणि गुडघे पोटाशी घेतले होते. सराव असल्यासारखे.

मी गॅस बंद केला, दार उघडलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. समुपदेशक बाईंनी तेवढंच शिकवलं होतं. खोली सोडा, बाकीचं नंतर. अर्धा तास गेला असेल. तेव्हा ती बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"मारणार?"

"नाही."

"खून आ रहा है."

"हो."

ती आत गेली आणि आईचा कापूस घेऊन आली. तो माझ्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

संध्याकाळी मी बायकोला झालेलं सगळं सांगितलं, हात वर गेला तेही. तिने विचारलं, "लागला?" मी म्हणालो, नाही. तिने मुलीलाही वेगळं विचारलं. तक्रारीचा तो कागद अजून बायकोकडे आहे. कपाटात कुठे आहे ते मला माहीत आहे आणि मी त्याला हात लावत नाही.

पावसाळा संपता संपता तिचं पुन्हा रक्त तपासलं. रक्त वाढलंय. साखर मागे सरकली आहे. लिव्हरवर चरबी अजून आहेच, पण आधीपेक्षा कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष लागेल, असंच चालू द्या. पालक तिने अजून खाल्लेला नाही. पण तो पोळीच्या कणकेत वाटून घालायची युक्ती तिनेच काढली आणि हिरव्या पोळ्या ती डब्यात नेते. बुधवार-शनिवारचे मोमो चालू आहेत. मध्ये एका बुधवारी ती म्हणाली की आज मोमो नको, पोट भरलंय. मला वाटलं, बायकोला फोन करून सांगावं. मग वाटलं, राहू दे, त्याचंही ओझं नको मुलीवर.

आता ती मला जेवायला समोर बसू देते. पण मी काही घ्यायला हात पुढे केला की तिची मान आपोआप मागे जाते, खांदे वर येतात. तिला ते कळतही नसावं. घास तोंडात असतो, ती टीव्हीबद्दल काहीतरी सांगत असते आणि मान मात्र मागे. म्हणून मी आधी सांगतो, मीठ घेतोय. लोणचं घेतोय. मग हात हळू पुढे करतो.

काल मी म्हणालो, "मीठ घेतोय."

ती म्हणाली, "हां, घ्या ना," आणि बरणी माझ्याकडे सरकवली.